लघवीचा रिपोर्ट : काय सांगतो, काय सांगत नाही



काही दुखणी अशी आहेत की त्यांच्याविषयी आपण चारचौघांत बोलत नाही. मधुमेहाबद्दल आपण लग्नाच्या मांडवातही बोलतो, रक्तदाबाच्या गोळ्यांची नावे एकमेकांना सांगतो. पण लघवीतून रक्त गेले तर घरच्या माणसालाही सांगण्याचा संकोच वाटतो. बोलणे होत नाही म्हणून माहितीही मिळत नाही, आणि माहिती नसली की माणूस एकतर उगाच घाबरतो, नाहीतर उगाच निर्धास्त राहतो.

आजचा प्रश्न असा आहे. एखाद्याच्या मूत्रमार्गात कर्करोगाची गाठ निघाली, शस्त्रक्रियेने ती काढली, माणूस घरी आला. पुढे काही दिवसांनी लघवी तपासली तर तीत पू किंवा जंतू दिसले. याचा अर्थ काय घ्यायचा? रोग परत आला असे समजायचे, की 'साधा संसर्ग आहे' म्हणून सोडून द्यायचे? दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. ती का चुकीची आहेत हे सांगण्यासाठी हा लेख. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. औषध सुचवण्याचा मला अधिकार नाही. पण आपल्या हातात पडलेल्या कागदावरचे शब्द समजून घेणे हे वाचता येणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे, आणि तेवढ्यापुरतेच मी लिहिणार आहे.

मूत्रमार्ग आणि त्याचे अस्तर

आपली दोन मूत्रपिंडे रक्त गाळून लघवी तयार करतात. ती दोन बारीक नळ्यांतून खाली मूत्राशयात येते, तेथे साठते आणि मग मूत्रनलिकेतून बाहेर पडते. मूत्रपिंडाच्या आतील पोकळीपासून मूत्राशयापर्यंत आणि त्याच्याही थोडे खाली या सर्व मार्गाला आतून एकाच प्रकारचे अस्तर असते. छपरावरच्या पन्हळापासून खालच्या पिंपापर्यंत सगळीकडे आतून एकच रंग दिलेला असावा, तसे हे आहे. मूत्रमार्गाचा कर्करोग बहुतेक वेळा या अस्तरातच सुरू होतो. त्यातला फार मोठा भाग मूत्राशयात आढळतो. वरच्या नळ्यांत आणि मूत्रपिंडाच्या पोकळीत साधारण शंभरात पाच ते दहाच गाठी असतात.

या अस्तरावर रोग का होतो, याचा पहिला मोठा धागा जर्मनीत सापडला. फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये रंगाच्या कारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी दाखवून दिल्या. श्वासावाटे किंवा त्वचेवाटे शरीरात गेलेले विषारी द्रव्य रक्तातून गाळले जाते आणि लघवीत साठून तासन् तास अस्तराला लागून राहते. आजच्या काळात हे काम सर्वांत जास्त कोण करत असेल तर ती सिगारेट. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या सुमारे निम्म्या रोग्यांमध्ये मूळ कारण तंबाखूचा धूर असते, असे तज्ज्ञ मानतात. धूर फुप्फुसात जातो हे सर्वांना ठाऊक आहे. त्याचे विष लघवीवाटे बाहेर पडते हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

गाठ काढली तरी ती परत का येते?

मूत्राशयातील गाठ प्रथम सापडते तेव्हा चारपैकी तीन रोग्यांमध्ये ती वरवरची असते, म्हणजे खालच्या स्नायूपर्यंत पोहोचलेली नसते. अशी गाठ पोट न फाडता, मूत्रनलिकेतून दुर्बीण घालून खरवडून काढतात. गाठ वरच्या नळीत किंवा मूत्रपिंडाच्या पोकळीत असेल तर पुष्कळदा ते मूत्रपिंड नळीसकट काढावे लागते. माणूस एका मूत्रपिंडावर चांगला जगू शकतो.

परंतु हा रोग परत येण्याबद्दल प्रसिद्ध आहे. युरोपातील एका मोठ्या संशोधन संस्थेने २५९६ रोग्यांच्या माहितीवरून २००६ मध्ये एक कोष्टक तयार केले. त्यानुसार वरवरच्या गाठी काढल्यानंतर एका वर्षात परत येण्याचे प्रमाण सौम्य गटात सुमारे १५ टक्के, तर सर्वांत धोक्याच्या गटात ६१ टक्के निघाले. पाच वर्षांत हेच आकडे ३१ आणि ७८ झाले. मूत्रपिंड आणि नळी काढलेल्या रोग्यांमध्येही पुढे मूत्राशयात गाठ येण्याचे प्रमाण साधारण २२ ते ४७ टक्के सांगितले जाते.

याची दोन कारणे सांगतात. उसाच्या शेतातील तणाचे उदाहरण घ्या. एका जागचे तण उपटले तरी सगळी जमीन तणाला पोषक झालेली असेल तर ते दुसरीकडे उगवते. तसेच वर्षानुवर्षे एकाच विषात भिजलेल्या सगळ्या अस्तराचे होते. दुसरे कारण बियांचे. गाठीच्या सुट्या पेशी लघवीबरोबर वाहत खाली येतात आणि मूत्राशयाच्या भिंतीवर रुजतात. हे दुसरे कारण खरे असावे याला एका प्रयोगाने बळकटी दिली. ब्रिटनमध्ये मूत्रपिंड आणि नळी काढलेल्या काही रोग्यांच्या मूत्राशयात मायटोमायसिन या औषधाचा केवळ एक डोस सोडण्यात आला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या वर्षात मूत्राशयात गाठ येण्याचे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आले. बी रुजण्याआधीच मारले, तर पीक कमी येते.

रिपोर्टवरील तीन शब्द

आता आपल्या हातातील कागदाकडे वळू. त्यावर तीन शब्द महत्त्वाचे असतात.

पहिला शब्द ल्युकोसाइट, म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी. शरीरात कोठेही दाह झाला की या पेशी तेथे धावून जातात. त्या लघवीत उतरल्या की त्यांनाच आपण पू म्हणतो. प्रयोगशाळेत त्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. दवाखान्यात मात्र कागदी पट्टी लघवीत बुडवून काम भागवतात. पांढऱ्या पेशींतील एका द्रव्यामुळे पट्टीवरील चौकोन सुमारे दोन मिनिटांत जांभळा होतो. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की या पेशी दाह झाला एवढेच सांगतात. दाह कशामुळे झाला हे त्या सांगत नाहीत. जंतू, मुतखडा, क्षय, शस्त्रक्रियेची जखम, लघवीसाठी घातलेली नळी किंवा स्वतः गाठ, यांपैकी कशानेही पट्टी जांभळी होऊ शकते. जंतू सापडत नाहीत आणि पू मात्र आहे, अशा वेळी तर कारण शोधलेच पाहिजे.

दुसरा शब्द नायट्राइट. आपल्या अन्नातून, विशेषतः भाज्यांतून, नायट्रेट नावाचे क्षार लघवीत येतात. काही जंतू त्यांचे नायट्राइट करतात आणि पट्टी गुलाबी होते. पण यासाठी लघवी मूत्राशयात सुमारे चार तास तरी राहावी लागते. म्हणून सकाळची पहिली लघवी उत्तम. शिवाय सर्वच जंतूंना हे काम जमत नाही. त्यामुळे नायट्राइट आढळले तर संसर्गाची शक्यता बरीच मोठी. आढळले नाही म्हणून संसर्ग नाहीच असे म्हणता येत नाही.

तिसरा शब्द कल्चर. यात लघवीचा थेंब पोषक द्रव्यावर ठेवून जंतू वाढवतात, ते कोणते आहेत आणि कोणत्या औषधाने मरतात हे पाहतात. याला एक-दोन दिवस लागतात. घाई असली तरी ही तपासणी टाळू नये, कारण तिन्हींत खरा पुरावा हीच देते.

तिन्ही तपासण्यांचा उपयोग नमुना नीट दिला तरच होतो. आधी जागा स्वच्छ धुवावी, लघवीची पहिली धार सोडून द्यावी, मधली धार स्वच्छ बाटलीत घ्यावी आणि बाटली लवकर पोहोचवावी. सकाळी घेतलेली बाटली दुपारपर्यंत पिशवीत फिरत राहिली तर आपल्या उष्ण हवेत जंतू तीतच वाढतात आणि नसलेला रोग कागदावर उमटतो.

पू आणि कर्करोग यांचा संबंध आहे का?

दाह आणि कर्करोग यांचे काहीतरी नाते आहे, असे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांनी १८६३ मध्येच म्हटले होते. या नात्याचे एक उदाहरण आपल्या मॉरिशसच्या जुन्या पिढीला परिचित आहे. नदीनाल्यांतील गोगलगायींमार्फत पसरणारा बिल्हार्झिया हा रोग या बेटावर होता आणि त्यात लघवीतून रक्त जाई. थिओडोर बिल्हार्झ यांनी त्याचा किडा १८५१ मध्ये कैरो येथे शोधला. हा किडा वर्षानुवर्षे मूत्राशयाची भिंत जाळत राहतो आणि पुढे तेथे एका वेगळ्या जातीचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या किड्याला कर्करोगाच्या निश्चित कारणांत स्थान दिले. आपल्याकडे त्याचा प्रादुर्भाव आता फार ओसरला आहे. तरीही लांबलेला दाह काय करू शकतो याचा हा धडा विसरण्यासारखा नाही.

मग नेहमीच्या गाठींचे काय? जपानसारख्या देशांतील इस्पितळांनी गेल्या काही वर्षांत आपल्या जुन्या नोंदी उघडून पाहिल्या. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांच्या लघवीत पू होता, त्यांच्यात पुढे मूत्राशयात गाठ परत येण्याचे प्रमाण अधिक, असे त्यांतील काहींना आढळले. कारणे सुचवली जातात ती अशी : मोठी आणि आक्रमक गाठ स्वतःच अधिक दाह निर्माण करते, आणि दाहाने खरवडलेल्या भिंतीवर वाहत आलेल्या पेशींना रुजायला सोपे जाते.

येथे थोडे सावध राहायला हवे. वर्गात मी मुलांना नेहमी सांगते की दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. पाऊस आला की छत्र्या दिसतात. छत्र्यांमुळे पाऊस पडत नाही. जुन्या नोंदींतून केलेली ही निरीक्षणे आहेत. ज्या युरोपीय कोष्टकाचा मी वर उल्लेख केला, त्यात सहा गोष्टी मोजतात : गाठी किती, केवढ्या, पूर्वी परत आल्या होत्या का, किती खोल आहेत, जवळ सपाट कर्करोगाचा चट्टा आहे का, आणि पेशी किती बिघडलेल्या आहेत. त्यात लघवीतील पू नाही. तसेच अँटिबायोटिक घेऊन पू घालवला म्हणून कर्करोग परत येण्याचे टळते, असे कोणतीही मान्यवर मार्गदर्शिका सांगत नाही. पू ही डॉक्टरांना अधिक लक्ष द्यायला लावणारी खूण आहे. तो निकाल नव्हे.

मुद्दाम पेटवलेला दाह

या कथेला एक गमतीची दुसरी बाजूही आहे. कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये नऊ रोग्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. क्षयाविरुद्ध लहान मुलांना जी बीसीजी लस टोचतात, तीच त्यांनी नळीवाटे मूत्राशयात सोडली. लसीतील दुबळ्या जिवंत जंतूंमुळे तेथे दाह पेटतो, पांढऱ्या पेशींची फौज गोळा होते आणि ती उरलेल्या कर्करोगाच्या पेशींवर तुटून पडते. धोक्याच्या वरवरच्या गाठींसाठी हा उपचार आजही जगभर केला जातो.

म्हणजे ज्या पांढऱ्या पेशी एका रोग्यात काळजीची खूण ठरतात, त्याच बीसीजी घेणाऱ्या रोग्यात उपचाराचा भाग असतात. अशा माणसाची पट्टी जांभळी होणार हे आधीच गृहीत असते. युरोपीय मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेत तर स्पष्ट म्हटले आहे की त्रास नसताना केवळ पू किंवा जंतू दिसले म्हणून बीसीजीचा डोस थांबवण्याचे कारण नाही. मात्र जळजळ आणि ताप यांसह खरा संसर्ग असेल, डोळ्यांना दिसणारे रक्त जात असेल किंवा गाठ काढून दोन आठवडे झाले नसतील, तर डोस देऊ नये. कारण मग हे जिवंत जंतू रक्तात शिरू शकतात. म्हणून बीसीजीनंतर मोठा ताप आला आणि तो उतरेना, तर घरी वाट पाहू नये. इस्पितळात जाऊन 'मला बीसीजी दिले आहे' हे पहिल्या वाक्यातच सांगावे.

दोन घरे, दोन चुका

आमच्या नात्यातील एका काकांची मूत्राशयातील गाठ काढली होती. दीड महिन्याने दवाखान्यात पट्टी जांभळी निघाली. घरात सुतक आल्यासारखे झाले. काकूंनी फ्रान्सला असलेल्या मुलीला रडत फोन केला, मुलगी विमानाचे तिकीट पाहू लागली. खरे तर गाठ खरवडल्याची जखम भरून येईपर्यंत काही आठवडे लघवीत पांढऱ्या पेशी राहतातच. तीन महिन्यांनी दुर्बिणीने पाहिले तेव्हा मूत्राशय स्वच्छ होते. या सहा आठवड्यांत काकांचे वजन चार किलो उतरले होते. ते रोगाने उतरले नव्हते, भीतीने उतरले होते.

दुसरे घर एका निवृत्त शिक्षिकेचे. त्यांना लघवीत जळजळ होई, मधूनच रक्त दिसे. एकीकडे अँटिबायोटिक मिळाले, बरे वाटले. पुन्हा रक्त आले, दुसरीकडे दुसरे अँटिबायोटिक मिळाले. कल्चर एकदाही झाले नाही. बायकांना असा त्रास व्हायचाच, असे त्यांना सांगण्यात आले आणि त्यांनीही ते मान्य केले. जवळजवळ वर्षाने सोनोग्राफी झाली तेव्हा गाठ मोठी झाली होती. स्त्रियांच्या बाबतीत असा उशीर जगभर होतो, कारण त्यांना संसर्ग वारंवार होतात आणि प्रत्येक रक्ताचा दोष संसर्गावर ढकलला जातो.

पहिल्या घराने खुणेला निकाल मानले. दुसऱ्या घरात खूण पुन्हा पुन्हा दिसत असून तिच्या मागे कोणी गेले नाही. पहिल्या चुकीने मनस्ताप होतो, दुसरीने प्राण जाऊ शकतो.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, ठरलेली दुर्बीण तपासणी कधीही चुकवू नये. मूत्राशयाच्या आत डोळ्यांनी पाहण्याची ही युक्ती माक्सिमिलियन निट्झे यांनी १८७७ मध्ये दाखवली आणि आजही तिला पुरेसा पर्याय नाही. सौम्य गटात ती तीन महिन्यांनी, मग वर्षाच्या सुमारास आणि नंतर पाच वर्षांपर्यंत दरवर्षी करतात. धोक्याच्या गटात पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी करतात. 'माझी लघवीची पट्टी स्वच्छ आहे, आता दुर्बीण कशाला?' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पट्टी गाठ पाहत नाही. शांत, छोटी गाठ पट्टीला मुळीच कळत नाही.

दुसरी गोष्ट, लघवीतून कर्करोगाचा माग काढणाऱ्या चाचण्या आहेत, पण संसर्ग असताना त्या फसतात. जॉर्ज पापनिकोलाऊ यांनी १९४५ मध्ये लघवीतील पेशी पाहून रोग ओळखण्याची रीत मांडली. दाह, मुतखडा किंवा बीसीजी यांमुळे पेशींचे रूप बदलते आणि वाचणाऱ्याची पंचाईत होते. एनएमपी २२ सारख्या नव्या चाचण्याही संसर्गात खोटी धोक्याची घंटा वाजवतात. म्हणून अशी चाचणी देताना अलीकडे झालेला संसर्ग, मुतखडा किंवा बीसीजी यांविषयी डॉक्टरांना आठवणीने सांगावे.

तिसरी गोष्ट, अँटिबायोटिक आपल्या मनाने घेऊ नये. काही त्रास नसताना जंतू सापडले तर बहुतेक वेळा औषध लागत नाही. मूत्रमार्गातील शस्त्रक्रिया व्हायची असेल तेव्हा मात्र आधी जंतूंचा बंदोबस्त करतात, कारण जखमेतून ते रक्तात जाऊ शकतात. उगाच घेतलेल्या औषधाने जंतू निर्ढावतात आणि खऱ्या गरजेच्या दिवशी औषध चालत नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट रक्ताची. संसर्गामुळे रक्त आले असेल तर संसर्ग बरा झाल्यावर ते थांबलेच पाहिजे. म्हणून औषध संपल्यावर लघवी पुन्हा तपासून घ्यावी. रक्त अजून असेल किंवा पुन्हा आले, तर मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे; मग पूर्वी कर्करोग झालेला असो वा नसो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१५ च्या मार्गदर्शनात ४५ वर्षांवरील माणसांसाठी हेच तातडीचे कारण मानले आहे, आणि साठीनंतर वारंवार होणाऱ्या, कारण न कळणाऱ्या संसर्गातही तज्ज्ञांकडे पाठवण्याचा विचार करावा असे सांगितले आहे. न दुखता गेलेले रक्त अधिक संशयास्पद असते. दुखत नाही म्हणून कोणी थांबू नये.

पाचवी गोष्ट, सिगारेट सोडावी. शस्त्रक्रियेनंतरही सोडण्यात अर्थ आहे. शेतात रोज विष ओतत राहायचे आणि तण का उगवते म्हणून विचारायचे, यात शहाणपण नाही.

शेवटी एक साधी सूचना. शंभर पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर शस्त्रक्रियेची तारीख आणि पुढील दुर्बीण तपासणीची तारीख लिहावी. नंतर प्रत्येक लघवीच्या रिपोर्टची तारीख, पू, नायट्राइट, रक्त, कल्चर आणि घेतलेले औषध असे रकाने आखावेत. आपल्याकडे सरकारी इस्पितळात उपचार मोफत मिळतात. पण प्रत्येक वेळी डॉक्टर तेच असतील असे नाही आणि कागद इकडचे तिकडे होतात. वही मात्र आपल्याजवळ राहते. एका रिपोर्टवरून जे कळत नाही, ते सहा रिपोर्ट ओळीने मांडले की नवख्या डॉक्टरांच्याही लक्षात येते. आजोबांना डोळ्यांनी दिसत नसेल तर हे काम घरातील शाळकरी नातवाने करावे. त्याचा अभ्यासही होईल आणि आजोबांची तपासणीही चुकणार नाही.